भागीरथाबाईची मारबत

मुखरू भगत म्हातारा होऊन, खाटेवर, आपल्या माणसांमध्ये मेला, याचा मला आजही राग आहे. लोक म्हणतात, बापूजी, मेलेल्या माणसावर काय राग धरायचा. मी म्हणतो, जिता होता तेव्हाही धरलाच होता, आता सोडायला नवीन काय झालं? आणि माझा राग तो काय. खरा राग होता आमच्या शेजारच्या भागीरथाबाईचा. तिच्या-माझ्या अंगणात एक कुडाची भिंत होती, म्हणून त्याची धग माझ्यापर्यंत आली, इतकंच.

आमचं गाव मोहबोडी. सिंदेवाहीहून सकाळी बैलगाडी जुंपली तर दुपारपर्यंत पोचायची. पुढं धानाच्या बांध्या, मागं जंगल, मधे बोडी, म्हणजे गावतळं, आणि बोडीच्या पाळीवर कडुलिंबाखाली मातामायचं ठाणं. तेव्हा आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता. नवीन सरकार आलं होतं म्हणे, पण आमच्याकडं सरकार म्हणजे मुखरू. त्याच्या अंगात मातामाय यायची. पाऊस केव्हा येणार, गाय कुठं हरवली, सून नांदणार की पळणार, सगळं तो घुमत घुमत सांगायचा. चुकलं की माणसाची भक्ती कमी पडलेली असायची, देवी कधी चुकायची नाही. मोठा सोयीचा धंदा होता.

भागीरथाबाई उंच, काळीसावळी, आवाज असा की बोडीच्या या पाळीवरून हाक मारली तर त्या पाळीवरच्या म्हशी मान वर करायच्या. रोवणीच्या वेळी चिखलात वाकलेल्या बायांमध्ये गाणं उचलायची तीच. नवरा झाडू पटकीत गेला तेव्हा ती ऐन तरुण होती. एक बांधी आणि एक पोरगी, कमळा, एवढंच मागं राहिलं. दोन्ही तिनं एकटीनं सांभाळलं. पोरगी आईसारखीच खणखणीत होती. तिला आम्ही सगळ्यांनीच लाडावून ठेवलं होतं, मीसुद्धा.

एका वर्षी पावसाळा संपता संपता कमळाला हिवताप आला. एका दिवशी थंडी वाजून यायची, दुसऱ्या दिवशी बरी वाटायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा खाट हलायला लागायची. भागीरथाबाईनं मुखरूला विचारलं. तो म्हणाला, मातामायपुढं ठेव, अंगारा लाव, बाहेरचं औषध घेशील तर देवी कोपंल. मी म्हटलं, गाडी जुंपतो, सिंदेवाहीला नेऊ. तिनं माझं ऐकलं नाही. तिचा देवीवर विश्वास होता, आणि त्या दिवसांत मोहबोडीत तो नसणारा माणूस मी एकटाच होतो. माझं कोण ऐकणार?

पोरगी गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं पेज मागितली होती. घरात जुने तांदूळ संपलेले. लवकर पिकणारं हलकं धान नुकतंच कापलं होतं, भागीरथाबाईनं त्यातलंच मूठभर कांडलं, पेज शिजवली आणि पोरीला पाजली. आमच्याकडं नवं धान आधी मातामायला दाखवतात, मग माणसाच्या तोंडी जातं. ते दाखवायचं राहिलं. तापानं फणफणलेलं लेकरू पेज मागतं तेव्हा कोणती आई आधी बोडीच्या पाळीवर जाईल?

तेरवी झाल्यावर ती मातामायच्या ठाण्यावर गेली. मुखरू घुमत होता. तिनं पदर पसरून विचारलं, "माय, माही लेक काऊन नेली? म्या का चुकवलं?"

तिला दोन शब्द धीराचे हवे होते. मुखरूला मात्र अंगाऱ्यानं पोर का वाचली नाही याचं उत्तर द्यायचं होतं, आणि पेजेची गोष्ट त्याच्या कानावर आधीच आली होती. सगळ्या गावासमोर तो किंचाळला, "मले दाखवाच्या आंधी नवं पाजलं! मायनंच लेकीले खाल्लं!"

त्या दिवसापासून तिचं गाव सुटलं. घर तेच, विहीर तीच, पण ती आली की बाया घागरी उचलायच्या. रोवणीच्या टोळीत तिला कोणी घेईना. बाळंतिणीच्या घराकडं तिनं नुसतं पाहिलं तरी दार लागायचं. आणि पुढल्या मारबतीला तर कहर झाला.

पोळ्याच्या संध्याकाळी आमच्याकडं घरोघरी दारात पळसाच्या फांद्या खोवतात. दुसऱ्या दिवशी, मारबतीला, उजाडताच त्या उपटायच्या, आरडाओरडा करत गावाच्या शिवेवर नेऊन फेकायच्या. रोगराई, ढेकूण, मच्छर, जे जे नको ते सगळं मारबतीनं घेऊन जावं म्हणून ओरडायचं. त्या सकाळी मिरवणूक आमच्या गल्लीत आली. मी दारात उभा होतो. भागीरथाबाईच्या दारापुढं बाया थांबल्या आणि एक आवाज उठला, "लेकरं खाणारी घेऊन जाय गे मारबत!" मग सगळ्याच ओरडल्या. मी काठी घेऊन धावलो तेव्हा पांगल्या. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. रडली नाही. मला म्हणाली, "भाऊ, काठी ठेवा. ज्या तोंडानं त्यानं हे म्हटलं, त्याच तोंडानं त्याले ते गिळा लागंल. इथीच. साऱ्यांच्या समोर. तोवर म्या मरत नाई."

त्या दिवसानंतर मी तिला दुसरं काही मागताना पाहिलं नाही. दळताना, कांडताना, सारवताना ती समोर नसलेल्या मुखरूशी बोलत असायची. कुडाच्या अलीकडं मला सगळं ऐकू यायचं. शिव्या अशा की मलाही नवीन होत्या. मला त्या ऐकून बरं वाटायचं, हे मी लपवत नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात सरकारच्या हिवताप खात्याचे लोक आले. पाठीवर फवारे, डीडीटीचे डबे, आणि त्यांच्यावर साहेब म्हणून चांद्याचे खुर्शीदभाई, नागपुरास सायन्स शिकलेले. शाळेच्या ओसरीवर त्यांनी टेबल मांडलं, त्यावर रक्त तपासायची दुर्बीण ठेवली आणि छान भाषण केलं. हिवताप देवीच्या कोपानं येत नाही, मच्छरामुळं येतो. सायन्सजवळ प्रत्येक गोष्टीचा जवाब आहे, विचारा. गाव खाली माना घालून बसलं. मुखरू मागं उभा राहून हसत होता.

भागीरथाबाई उठली. बाया सरकल्या, तिला आपसूक वाट मिळाली. तिनं विचारलं, "पेजेनं लेकरू मरते का, साहेब? देवीले न दाखवलेल्या पेजेनं?"

खुर्शीदभाई गोंधळले. "पेजेनं? बाई, पेजेनं तं जीव येते."

"मंग माही कमळा काऊन मेली?"

त्यांनी सगळं विचारून घेतलं. थंडी केव्हा वाजायची, ताप केव्हा चढायचा. मग तिला दुर्बिणीजवळ बोलावून कुणाच्या तरी तापातल्या रक्ताची काच दाखवली. लाल टिकल्या, त्यांत निळसर खडे. हेच तुमच्या लेकीच्या रक्तात होते, म्हणाले, मच्छरानं सोडले, गोळ्या मिळाल्या असत्या तर वाचली असती. तिनं बराच वेळ डोळा लावून पाहिलं.

"हे समजलं," ती म्हणाली. "मच्छर तं साऱ्या गावाले चावला. मुखरूच्या घरी बी चावला. माहीच काऊन नेली? एकच होती माह्याजवळ."

 खुर्शीदभाईंनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता काहीतरी ठोकून देतील. ते म्हणाले, "हे इथी दिसत नाई, बाई. कसं मेली ते दिसते. काऊन ते नाई दिसत. माही बहीण नसीम अशीच गेली. म्या बी नमाजीत विचारलं. तिथून बी जवाब नाई आला." मग म्हणाले, "पण तूच मारलं, असं बी तिथून कोणं म्हटलं नाई."

हे शेवटचं वाक्य तिनं उचललं. घरी येऊन कुडाआडून मला दोनदा सांगितलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर साहेबाजवळ नव्हतं, पण मुखरूजवळचं उत्तर खोटं होतं, हे तिला त्या दिवशी पक्कं कळलं. आणि खोटं आहे हे कळल्यावर तिचा राग दुप्पट झाला. तोवर कुठंतरी तिला स्वतःचीही शंका होती ना.

जाताना खुर्शीदभाईंनी गोळ्यांचा डबा गावात कुणाजवळ ठेवावा म्हणून विचारलं. पाटील गुणवंतराव म्हणाले, ठेवा त्या भागीरथेजवळ, तिच्याकडं कोणी जात नाही, गोळ्या शिल्लक राहतील. सगळे हसले. खुर्शीदभाई हसले नाहीत, त्यांनी खरंच तिच्याजवळ ठेवला आणि गोळ्या कुणाला कशा द्यायच्या ते नीट समजावलं.

फवारे मारताना घरोघरी एकच अडचण आली. लोकांनी सगळ्या खोल्या मारू दिल्या, देवाची खोली नाही. देवावर औषध मारतात का? खुर्शीदभाई हात जोडून सांगत होते की एक खोली सोडली तर घरातले सगळे मच्छर तिथंच जाऊन बसतील. मुखरू तर दार अडवून उभा राहिला. बाकीच्या भिंती पांढऱ्या झाल्या, त्याच्या देवघराची काळीच राहिली.

श्रावणात ताप आला. लोक भागीरथाबाईकडं यायला लागले, पण मागच्या दारानं. अंधारल्यावर पदराआड हात पुढं करायचे, गोळी घ्यायचे, सकाळी विहिरीवर ओळख दाखवायची नाही. ती देत राहिली. मी म्हणायचो, देऊ नको हरामखोरांना. ती म्हणायची, "हे नाई पाह्यजेत मले, भाऊ. मले एकच पाह्यजे."

तो एक आपल्याच करणीनं तिच्या हाती आला. मुखरूची नात मनकर्णा, त्याच्या सुनेची, गुणाबाईची पोर, तापली. गावात ताप आहे म्हणून मुखरूनंच तिला जपायला आपल्याजवळ, देवघरात निजवायला सुरुवात केली होती. घरात तीच एक खोली बिनऔषधाची.

भर दुपारी गुणाबाई मागच्या दारी आली. मी अंगणात बैलाचं दावं वळत बसलो होतो, सगळं ऐकलं.

"मागच्या दारानं नाई," भागीरथाबाई म्हणाली. "तुह्या सासऱ्याले म्हणा, पुढच्या दारानं ये. हात जोडून ये."

"तो येत नाई, बाई. त्यानं अंगारा लावला आहे. म्या चोरून आली."

"मंग जाय. मरू दे. त्याले बी समजू दे."

दार लागलं. गुणाबाई कुडाला डोकं टेकून रडली. मला त्या सुनेची दया आली, पण भागीरथाबाई चुकली असं काही मला वाटलं नाही. मग गुणाबाई बंद दाराकडं पाहत म्हणाली, "पोरगी पेज मांगून राह्यली, बाई. बुडा देऊ देत नाई. उपास धरवला म्हणते देवीचा."

 मग चूल पेटल्याचा धूर कौलांतून निघाला.

ती बाहेर पडली ती पुढच्या दारानं. एका हातात पेजेचं भगुणं, कमरेला गोळ्यांची पुडी, मागं गुणाबाई, त्यांच्या मागं मी. भर रस्त्यानं, मधल्या आळीतून, सगळी दारं उघडी असताना. मुखरू ओट्यावर होता. "इथी पाय ठेवू नोको, रांडे!" म्हणून उठला. ती त्याच्याकडं न पाहता आत गेली. देवघरात अंधार, दिव्याची काजळी आणि भिंतीवर मच्छरच मच्छर. तिनं भिंतीवर पंजा मारला आणि तो लाल झालेला पंजा मुखरूच्या नाकापुढं धरला.

"हे पाह्य. हे तुह्या नातीचं रगत आहे. कोणं पेलं सांग."

 तिनं पोरीला मांडीवर घेतलं, पेज पाजली, वरून गोळी दिली. लेकरं खाणारीच्या मांडीवर मुखरूची नात, आणि दारात सगळी आळी. तीन दिवस रोज ती तशीच पुढच्या दारानं गेली. पोर उठून बसली.

इथं मुखरू गप्प राहिला असता तर मीही हा राग एवढा धरला नसता. पण त्यानं गावात सांगितलं की मातामायनं त्या बाईला धाक घातला आणि खाल्लेल्या जिवाच्या बदल्यात एक जीव तिच्याकडून सोडवून घेतला! हे मी तिला जाऊन सांगितलं. ती जातं ओढत होती, ओढतच राहिली. म्हणाली, "मारबत येऊन राह्यली ना, भाऊ."

मारबतीच्या सकाळी शिवेवर जाण्याआधी सगळं गाव मातामायच्या ठाण्यावर जमतं. भगताच्या अंगात देवी येते आणि तेव्हा कोणीही प्रश्न विचारावा, देवीनं उत्तर दिल्याशिवाय उतरू नये, असा रिवाज. मुखरूनंच तो मोठ्या मिजाशीनं चालवला होता. तो घुमायला लागला, दोघातिघांनी पावसाचं, बैलांचं विचारलं. मग भागीरथाबाई पुढं झाली. हातात पळसाची फांदी.

"माय," ती त्याच खणखणीत आवाजात म्हणाली, "मुखरूची मनकर्णा काऊन तापली? कोणं पाप केलं? पोरीनं केलं, का गुणाबाईनं, का घरातल्या मोठ्या माणसानं केलं? तूच म्हणते ना, मोठ्याच्या पापानं लेकरू जाते."

मुखरू घुमत राहिला. केस उडवले, दात खाल्ले. पण उत्तर येईना, आणि उत्तराशिवाय उतरता येईना. पाप म्हणावं तर आपल्याच घरावर आलं. लोक वाट पाहू लागले. पाटील गुणवंतरावही पुढं सरकून उभे राहिले. मागून कुणी तरी म्हणालं, "बोल माय, काऊन थांबली?" मुखरूचा घाम गळायला लागला. त्यानं डोळे किलकिले करून आपल्या सुनेकडं पाहिलं. गुणाबाई पोरीला कडेवर घेऊन उभी होती आणि डोळ्यात डोळा घालून त्याच्याकडं पाहत होती.

"मच्छर," मातामाय म्हणाली.

"मोठ्यानं बोल!"

"मच्छर चावला!"

"अन् माह्या कमळाले?"

 तिनं फांदी त्याच्या पुढ्यात आपटली. "माह्या कमळाले कोणं खाल्लं? ज्या तोंडानं म्हटलं होतं, त्याच तोंडानं सांग!"

"मच्छरानं," मुखरू म्हणाला. "मायनं नाई खाल्लं. मच्छरानं." आणि खाली बसला. अंगातली देवी केव्हाच गेली होती, नुसता म्हातारा उरला होता.

मला नाचावंसं वाटलं. लोक आधी फिदीफिदी हसले, मग खदाखदा. मिरवणूक निघाली तेव्हा मुखरूच्या दारापुढं त्याच बाया, तेच गळे, "खोटा भगत घेऊन जाय गे मारबत!" भागीरथाबाई सगळ्यांत मोठ्यानं ओरडली. तिनं दया दाखवली असं मी खोटं सांगणार नाही. तिनं ती ओरड मनसोक्त केली आणि ती तिच्या हक्काची होती.

शिवेवर सगळ्यांनी फांद्या फेकल्या आणि मागं न पाहता परतले. ती उभीच राहिली. मी म्हटलं, चल बाई, झालं तुझ्या मनासारखं.

"झालं ना," ती म्हणाली. मग शिवेपलीकडच्या जंगलाकडं पाहत राहिली. "आता कोणाले विचारू, भाऊ? मुखरू होता तं रोज शिव्या देत होती, दिवस जात होता. आता मच्छराले का शिव्या देऊ?"

 त्या दिवशी तिला मी पहिल्यांदा कमळासाठी रडताना पाहिलं. नुसतं कमळासाठी.

त्यानंतर तिला रोवणीला बोलावणं यायला लागलं. ती गेली, गाणंही उचललं. मातामायच्या ठाण्यावर मात्र पुन्हा चढली नाही. दर वर्षी नवं धान आलं की देवीला न दाखवता पेज शिजवायची आणि मुखरूच्या घरापुढच्या चिंचेखाली बसून गावच्या लेकरांना पाजायची. मुखरू ओट्यावरून पाहायचा. ते पाहणं त्याला भाग पडावं म्हणूनच जागा तिथली होती.

एकोणसाठ सालच्या दिवाळीआधी तो खाटेला लागला. भगतपण केव्हाच गेलं होतं, विचारायला कोणी येत नव्हतं. अन्न जाईना. एका दुपारी त्यानं पेज मागितली. गुणाबाई चिंचेखाली येऊन भागीरथाबाईपुढं रिकामी वाटी धरून उभी राहिली. भागीरथाबाईनं भगुणं उचललं. मी मागं गेलो. या वेळी तरी तोंडावर फेकेल, अशी मला आशा होती.

ती खाटेजवळ बसली. वाटीत पेज घेतली आणि म्हणाली, "नव्या धानाची आहे, मुखरू. देवीले नाई दाखवली. पेते का?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि तोंड उघडलं. तिनं घोट घोट करून सगळी वाटी पाजली. मी तिच्या जागी असतो तर दिली नसती.